रंध्याखाली गेलेला शिक्का

आमच्या कारखान्याचा माल नगरच्या एमआयडीसीतून परदेशी जातो. तो ज्या लाकडी पेट्यांतून जातो, त्यांचं लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं. आतली कीड मेली की मगच पेटीवर शिक्का बसतो.

शिक्का मारणारा माणूस पारनेरकडचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक फळीच्या कडेवरून तो अंगठ्याचं नख फिरवायचा आणि कुठे कीड लपेल अशी साल लागली की पेटी बाजूला सारायचा.

एकदा आमच्याकडे एका पेटीची फळी तुटली. आमच्या सुताराने कोपऱ्यात पडलेली, भट्टीत न गेलेली दुसरी ठोकली. तेवढ्यात हा शिक्केवाला भट्टीवरून बाकीच्या पेट्या घेऊन आला. त्याने ती फळी पाहिली, सुताराचा रंधा उचलला आणि स्वतःच मारलेला शिक्का तासायला लागला.

मी भडकलो. "अहो, गाडी उभी आहे. शिक्का तुमचाच आहे ना?"

"शिक्का माझा हाय. फळी माझी न्हाई."

"एका फळीनं काय होतंय?"

त्याने हात थांबवला नाही. "माझ्या बांधावरचा आंबा भिरुडाच्या किड्यानं खाल्ला. वरनं हिरवागार हुता, आतनं समदा पोकळ. तिकडंबी कुनाचा तरी बांध आसंल की."

पेटी पुन्हा भट्टीत गेली. गाडी दुसऱ्या दिवशी सुटली आणि साहेबांची बोलणी मी खाल्ली.

हल्ली माल भरण्याआधी प्रत्येक फळीवरून नख फिरवतो. माझंच.