साध्या तेलाचा मोठा डबा

गाडीत कोणतं तेल टाकायचं ते आमच्या घरी हेच पाहत. माझं काम फक्त शेजारच्या सीटवर बसायचं. नवरा धडधाकट असला की बायकोले बोनेट कुठून उघडते हेही माहीत नसते, अन् मलेही नव्हतं. मंग शुगरनं यायच्या, माझ्या नवऱ्याच्या, किडन्या नेल्या, अन् मागच्या पोळ्यानंतर लकव्यानं उजवी बाजू अन् जीभ नेली. तेव्हापासून रामाकोन्याहून नागपूरले, हफ्त्यातून दोनदा, डायलिसिसले मीच, गाडी चालवणं शिकून, यायले घेऊन जाऊन राहिली.

गाडी जुनी, पेट्रोलची. बसमधी हे बसू शकत नाईत, मान एका अंगाले पडते. दर खेपेले भाड्याची गाडी करायची आमची ऐपत नाई. म्हणून हीच. ही चालली तर हे जगले, इतका सरळ मामला. ही बंद पडली तर काय, तिथून पुढं मी विचारच करत नव्हती.

अन् गाडी तेल पिऊन राहिली होती. माझं माहेर पांढुर्ण्याचं. तिथल्या गॅरेजवाल्यानं पाहून सांगतलं, "ताई, इंजिन खोलावं लागते. तोवर तेल पाहत जा." इंजिन खोलायचं म्हणजे कितीतरी दिवस गाडी त्याच्या दारात. तेवढे दिवस यायचं रगत काय तो साफ करून देणार होता? मी गाडी तशीच परत आणली.

मंग आमच्याइकडे सगळे करतात तेच मी केलं. संत्र्याच्या बगिच्यात डिझेल पंपासाठी तेलाचा डबा ठेवलेला असते. त्यातलंच मोटरसायकलले, त्यातलंच फाटकाच्या बिजागरीले. तेल म्हणजे तेल. दिरानंही म्हटलं, "टाका वहिनी, काई होत नाई." कायचं काई होत नाई! पंपाचं ते काकवीवानी जाड तेल ठंडीच्या सकाळी इंजिनात वर चढेच ना. गाडी खडखड करे, मांगून धूर सोडे, अन् एका सकाळी तर चालूच झाली नाई. त्या दिवशी यायचा डायलिसिसचा नंबर हुकला. पायावर सूज चढली, दम लागून राहिला. दिराले मी काय काय बोलली ते इथं सांगत नाई.

पुढच्या खेपेले कशीबशी निघाली. सौंसरच्या अलीकडं तेलाचा लाल दिवा लागला तो लागलाच. हे शेजारी, दुपट्ट्यानं सीटले बांधलेले, श्वास मोजून मोजून घेऊन राहिले होते. आजही पोचलो नाई तर काय होईन, ते मले डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

सौंसरच्या बस स्टँडजवळ ऑइलचं एक दुकान आहे. दुकानदार दारासमोरच तेल बदलून देते. मी गाडी तिथं लावली.

"भाऊ, लवकर. सगळ्यात सस्तं कोणतं?"

"सस्त्यात साधंच येते ताई, सिंथेटिक नाई." त्यानं दोन डबे काउंटरवर ठेवले. "हे पातळ. सकाळी गाडी पटकन उचलते, पण तुमची गाडी हे पिऊन टाकीन. हे थोडं जाड, पंपाइतकं नाई. धूर कमी होईन, टिकीन. आजच्या पुरतं पायजे तर पातळाची लहान बाटली वरून टाका. जुनं सगळं निकालून जाडाचा मोठा डबा टाकला तर सालभर निघते."

जाड घेतलं अन् सकाळी पुन्हा चढलंच नाई तर? पातळ घेतलं अन् नागपूरच्या वाटेत सावनेरच्या आधीच संपलं तर? माझं डोकंच चालेना. मले रडू आलं, अन् रडू आलं म्हणून अजून राग आला. एका तेलाच्या डब्यासाठी माणसानं भर बजारात रडावं काय?

मंग मले यायची सवय आठवली. आमच्याइकडले बगिच्यातले पंपवाले तेल चिमटीत पाहतात. थेंब घ्यायचा, अंगठ्यानं घासायचा, बोटं ओढून तार पाहायची. हे तर त्यात पक्के होते. मी दुकानदाराकडून दोन थेंब कागदावर घेतले अन् खिडकीपाशी नेले.

"तुम्हीच सांगा. मले नाई समजत."

डाव्या हातानं यायनं पहिला थेंब घेतला. घासला. मंग दुसरा. बोटं ओढून पाहिली, अगदी लकव्याआधी पाहत तशी. माझा जीव भांड्यात पडला. मंग यायनं बोटं दुपट्ट्याले पुसली अन् अंगठा मांगं दाखवला.

"तिसरं पायजे काय?" मी विचारलं.

मान नाई म्हणाली. अंगठा पुन्हा मांगं.

"खुलं तेल म्हणत असतीन," दुकानदार म्हणाला, अन् मांगच्या पिपाकडं वळला. पण तो अंगठा पिपाकडं नव्हता. आम्ही आलो त्या रस्त्याकडं होता, रामाकोन्याकडं.

"घरी?"

मान हो म्हणाली.

"कायले घरी? मरायले?"

आजूबाजूचे लोक वळून पाहायले लागले. यायनं माझ्याकडं सरळ पाहिलं अन् मान पुन्हा हलवली. चहा घेता काय विचारल्यावर हलवत, तशीच.

खरं सांगते, एक घडीभर मले वाटलं, बरोबरच तर म्हणून राहिले हे. ही सुई, हा धूर, ही दर खेपेची धाकधूक, सगळं इथंच संपून जाईन. मी दाराले धरून उभी राहिली. अन् मंग असा संताप आला, असा संताप आला की काय सांगू. इतकी वर्षं संसार केला, अन् सोडून जायची गोष्ट माणसानं तेलाच्या दुकानापुढं अंगठ्यानं सांगावी?

"तुम्हाले तेल निवडायले सांगतलं होतं," मी म्हटलं. "हे नाई."

डोळे पुसले अन् दुकानदाराकडं वळली. "भाऊ, जाडाचा मोठा डबा. सगळं निकाला."

जुनं तेल काळंकुट्ट निघालं. तोवर हे दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मी किल्ली फिरवली. गाडी थोडी कुरकुरली, मंग उचलली, अन् लाल दिवा विझला. मी गाडी नागपूरच्या रस्त्याले घातली, तसं यायनं डोळे मिटून तोंड फिरवलं.

"रागवा," मी म्हटलं. "खुशाल रागवा. पण बसून राहा."