एक बिल्ला, बत्तीस बायका

"परत बिल्ला? सकाळी गेली होतीस ना? नळ गळतोय का तुझा?"

बोलणारा सुपरवायझर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बोलला तो सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. खोकी उचलणारे चार पुरुष हसले. बायका मान खाली घालून काम करत राहिल्या. आणि मी? मीही हसले. त्याच्या बोलण्यापेक्षा ते माझं हसणं मला जास्त टोचतं. अजून.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला औषधांचा कारखाना. गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या, खोक्यांत भरायच्या. आमच्या मजल्यावर बत्तीस बायका आणि संडासाला जायला पितळेचा एक बिल्ला. तो सुपरवायझरच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेला. एक बाई घेऊन गेली की ती परत येईपर्यंत दुसरीनं उठायचं नाही. वरच्या मजल्यावर ऑफिस. तिथे बिल्ला नाही. तिथल्या लोकांना लघवी न विचारता येते.

आम्ही त्यावर उपाय काढला होता. पाणी प्यायचं नाही. निघताना अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस. नवी पोरगी आली की तिला पहिल्याच दिवशी सांगायचं, "पाणी कमी पी गं, मग काही त्रास नाही." हे सांगण्यात मी पहिली. उन्हाळी लागली की धण्याचं पाणी, तेही रविवारी, घरी. शेजारी बसणाऱ्या रंजनाला मुतखडा झाला, तर तिनं रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. चाळिशीनंतर माझी पाळी बिघडली. बिल्ल्याची वाट बघताना दोनदा सलवारला डाग पडला. एप्रन मागून बांधला आणि पाळी पूर्ण केली, कामाची. अशी अकरा वर्षं.

मग एका गुरुवारी कंपनीनं आम्हाला ताण सहन करायला शिकवायचं ठरवलं.

कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या. बाहेरून एक मॅडम आल्या. आवाज गोड, बाई वाईट नव्हती. आम्हाला डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले. परिस्थिती आपल्या हातात नसते, मन असतं, असं म्हणाल्या. रोजच्या छोट्या ताणांना हसत सामोरं जायची सवय लावली की माणूस आयुष्यभर खंबीर राहतो. "आणि सगळ्यात सोपा उपाय," त्या म्हणाल्या, "दिवसाला दहा ग्लास पाणी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. मग बत्तीसही.

"काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

तेवढ्यात मॅनेजर साहेब उठले. आज एका खंबीर महिलेचा सत्कार करायचा आहे, म्हणाले. अकरा वर्षांत एकही तक्रार नाही. सगळ्यांनी यांच्याकडून शिकावं. आणि माझं नाव घेतलं.

मी पुढे गेले. साहेबांनी हातात बक्षीस ठेवलं. पाण्याची बाटली. स्टीलची, लिटरभराची.

टाळ्या चालू होत्या. मी बाटलीकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे बक्षीस कशाचं? नव्या पोरींना तहान मारायला शिकवलं, त्याचं.

"मॅडम," मी म्हटलं, "यात पाणी भरून प्यायले तर मला मुतायला जावं लागेल. त्यासाठी ह्या सुपरवायझरांकडे बिल्ला मागावा लागतो. बत्तीस जणींत एक."

टाळ्या बंद.

"मावशी, भाषा!" सुपरवायझर ओरडला. साहेबांसमोर मी मावशी.

"मग काय म्हणू? नळ गळतोय म्हणू? तो तुमचा शब्द."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. "खरंच असं आहे?"

"सिस्टिम आहे मॅडम. नाहीतर ह्या तिथे जाऊन गप्पा मारत बसतात."

"तिथे गप्पा?" मागून रंजना. "नाक दाबायला दोन हात पुरत नाहीत!"

हशा झाला. मॅडम गोंधळल्या. "ताई, हे तुम्ही मॅनेजमेंटशी बोला. आज आपण आतल्या शक्तीबद्दल बोलतोय ना?"

"आतलंच सांगतेय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी दोन ग्लास पाणी पिऊन कामावर आले. अकरा वाजता उठले आणि सरळ चालायला लागले.

"ओ, बिल्ला?"

"राहू दे तुमच्याकडे."

परत आले तर टेबलावर मेमो. दोन दिवसांत मला खोक्यांच्या खात्यात टाकलं, दिवसभर उभ्याचं काम. गुडघे सुजले. तिथूनही मी न विचारता जात राहिले. चौथ्या दिवशी रंजना बिल्ल्याशिवाय उठली. मग आणखी दोघी. मग आम्ही बिल्ल्याविरुद्ध अर्ज लिहिला. अठ्ठावीस सह्या झाल्या. चौघी घाबरल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, मी अकरा वर्षं घाबरले होते.

अर्ज द्यायच्या आधीच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. "चला, तुमचंही राहू दे, आमचंही. तीन बिल्ले करतो. उद्यापासून तुम्ही परत बसून काम. खूश?"

बाहेर आल्यावर बायका मला समजवायला लागल्या. "घे ना गं, तीन म्हणजे पुष्कळ झाले." "साहेब स्वतःहून देतायत, यार. जास्त ताणू नकोस." माझ्या गुडघ्यांनाही ते पटत होतं.

पण एकाचे तीन केले तरी खिळा सुपरवायझरच्याच खुर्चीमागे राहणार. मागायचं त्याच्याकडेच. अजून नऊ वर्षं नोकरी करायची आहे मला, आणि मूत्रपिंडं दोनच आहेत. सहन करायची माझी ताकद मोठी आहे, कंपनीनं सगळ्यांसमोर बोलावून तसं सांगितलंय. ती यापुढे मेमो सोसायला वापरीन, उभं राहायला वापरीन. लघवी कोंडून धरायला नाही.

अर्जाच्या खाली मी माझ्या हातानं वाढवलं: तीन बिल्ले नकोत. एकही नको. आमच्या जागेवर कुणाला बसवायचं असेल, म्हणून उठताना आम्ही सांगू. विचारणार नाही.

त्याखाली पुन्हा सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.