त्यांच्या रस्त्यानं पायी

आमचे हे लाल बसचे ड्रायव्हर होते. चोपड्याहून शिरपूर, धुळे, मालेगाव करत नाशिककडे जाणारी गाडी बहुतेक उभी नोकरी त्यांच्याच हातात असायची. पहाटे डबा घेऊन निघायचे, परत यायचे तेव्हा गल्लीत निजानीज झालेली असायची. मी विचारायची, "कसा गेला दिवस?" ते म्हणायचे, "रस्ता होता, गाडी होती." बस, एवढंच. मी घरी ब्लाउज शिवायची. बायका माप द्यायला आल्या की नवऱ्याच्या ऑफिसातल्या, दुकानातल्या गोष्टी सांगायच्या. माझ्याकडे सांगायला काही नसायचं. माझा नवरा दिवसभर जिथं असतो ती जागा मी पाहिलेलीच नव्हती.

ते निवृत्त झाले त्यानंतरचा पहिलाच चैत्र होता. सप्तशृंगी आमची कुलदेवी. चैत्रात खानदेशातून माणसं झुंडीनं गडाकडे पायी निघतात. ओट्यावर बसलं की भगवे झेंडे जाताना दिसतात, मागून गाण्यांचा टेम्पो, त्याच्यामागे चालणारी पोरंसोरं, म्हातारे. अशीच एक झुंड गेली आणि मी म्हटलं, "आपणही जाऊ. पायी."

हे हसले. "अगं, उभा जन्म त्या रस्त्यावर गेला माझा. अजून काय बघायचंय तिथं?"

"तुमचा गेला. मी कुठं पाहिलाय?"

ते उठून आत गेले. संध्याकाळी मात्र कपाटावरून जुनी पिशवी काढून झटकत होते. मला विचारलं, "चप्पल घालायची की बूट?"

मुलीनं फोनवर आरडाओरडा केला. उन्हात चक्कर येऊन पडाल, निदान एखाद्या मंडळाबरोबर तरी जा, त्यांच्याबरोबर गाडी असते. पण मला मंडळ नको होतं. मंडळात बायका बायकांत चालतात आणि पुरुष पुरुषांत. मग माझा हेतूच राहिला असता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि दोन पंचे घेऊन आम्ही दोघंच निघालो. उजाडायच्या आधी चालायला लागायचं, ऊन चढलं की शाळेच्या पडवीत नाहीतर देवळात पडून राहायचं आणि उन्हं कलली की पुन्हा चालायचं, असं ठरवलं होतं.

शिरपूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधे रिकामी झालेली कापसाची शेतं. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधावर लागलेले. मी सगळं बघत चालले होते. हे मात्र मान वर न करता डांबराकडे बघत होते. मधेच पुटपुटायचे, "इथं तिसरा." थोडं पुढे गेलं की, "आता दुसरा, पुढं खड्डा आहे." पहिल्यांदा मला वाटलं, मलाच काही सांगतायत. मग लक्षात आलं, गिअर आहेत ते. उतार आला की त्यांचा डावा पाय अंमळ जोरात पडायचा. मी म्हटलं, "अहो, क्लच सोडा." स्वतःशीच हसले.

एका मोठ्या वळणापाशी मी विचारलं, "या वळणामागे काय आहे?"

"वळणामागे पुढचं वळण आहे."

"तसं नाही. तिकडं, झाडीत."

त्यांना सांगता येईना. त्या बाजूला कधी नजरच गेली नव्हती म्हणाले. वळणावर ड्रायव्हर समोरच बघतो. मग आम्ही रस्ता सोडून आत शिरलो. चिंचांच्या मागे पायऱ्यांची एक जुनी विहीर निघाली. तळाला हिरवं पाणी, दगडांच्या फटींतून पोपट आत-बाहेर करत होते. हे वरच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ नुसतं खाली बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या गाडीचा आवाज इथं आत येत असेल, नाही?" त्यानंतर त्यांची मान वर झाली.

रस्त्यात ठिकठिकाणी लोकांनी मांडव घातलेले असतात. कुठं पन्हं, कुठं मठ्ठा, कुठं टरबुजाच्या फोडी. शिरपूर ओलांडल्यावर एका मांडवात पन्हं देणाऱ्या अक्कांनी विचारलं, "कसाना नवस शे, बाई?" आम्ही सांगितलं, नवस काहीच नाही. त्यांना ते खरं वाटेना. "मंग काबर चालतस?" मी म्हटलं, "यांचा रस्ता बघायला." अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि दोघांचेही पेले पुन्हा भरले.

तापीचा पूल ओलांडून नरडाण्याच्या पुढे गेलो तसे हे भराभर चालायला लागले. मी मागून विचारलं, "घाई कसली?"

"एक घर आहे पुढं. रस्त्याला लागूनच. अंगणात निंब, त्याखाली बाज. बाजेवर एक म्हातारे बाबा बसलेले असायचे. माझी गाडी दिसली की हात वर करायचे."

"मग?"

"मग काय, मी हॉर्न द्यायचो. रोज."

"ओळख होती?"

"नाही. थांबलोच नाही कधी. तिथं थांबा नाही."

मला गंमत वाटली. ज्या माणसानं घरात कधी जास्तीचा शब्द खर्च केला नाही, त्याची वाटेत अशी एक ओळख होती. घर आलं, निंब आला, बाजही होती. बाजेवर कोणीच नव्हतं. यांचा चेहरा पडला. "सोड," म्हणाले, "वय झालेलंच होतं." पण मला राहवेना. मी फाटक ढकललं.

आतून एक आजीबाई आल्या. अंगानं वाळलेल्या, पण आवाज खणखणीत. मी म्हटलं, "आजी, इथं बाजेवर एक बाबा बसायचे…"

"आबा? शेतस ना. न्हाई राह्यना." म्हणजे आबा होते, अंघोळ करत होते.

आम्हाला बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं आबा भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना दिसत नव्हतं. हे बाजेवरून उठून उभेच राहिले. "आबा, मी चोपड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. सकाळी जायचो बघा. तुम्ही हात करायचे म्हणून मी हॉर्न वाजवायचो."

आबांनी मान तिरकी केली. "नही रे भाऊ. उलटं सांगस तू. तू भोंगा वाजाडे, म्हनीसन मी हात करू."

"नाही आबा, आधी तुमचा हात वर व्हायचा."

"मले दिसतच नही तं मी आधी कसा हात करसू?"

आजीबाई हसायला लागल्या. गाडी वळणावर आली की आवाजावरून आबांना कळायचं, असं त्या म्हणाल्या. पण आबा ते मानायला तयार नव्हते. आवाज तर सगळ्याच गाड्यांचे येतात, भोंगा फक्त हीच गाडी वाजवायची. यांचं म्हणणं, हात नसता तर मी कशाला वाजवला असता? दोघंही आपापल्या बाजूला ठाम. मला तर वाटत होतं, कोणीतरी एका सकाळी अंगावरची माशी हाकलायला हात उचलला असेल, नाहीतर कोणीतरी कुत्रं आडवं आलं म्हणून हॉर्न दिला असेल, आणि तिथून हे सगळं सुरू झालं असेल. मी तसं म्हणूनही दाखवलं. दोघांनाही आवडलं नाही.

आजीबाईंनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. नवी गाडी, नवा ड्रायव्हर आल्यावर भोंगा बंद झाला, तेव्हा आबा काही दिवस विचारत राहिले, त्या ड्रायव्हरचं काही बरंवाईट झालं की काय. "रोज मले इचारेत. मी कोठे पाह्यनू व्हती त्याले?" आजीबाई म्हणाल्या. निघताना आबांनी यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बोटं चाचपली, जशी बाजारात वांगी चाचपून बघावी तशी. "जाड्या हातना शे," म्हणाले. फाटकाबाहेर आल्यावर हे थोडं पुढे चालून थांबले. मग मला म्हणाले, "पण आधी हात त्यांचाच असायचा."

धुळ्याच्या अलीकडे यांच्या तळव्यांना फोड आले. आयुष्यभर बसून काम केलेली पावलं ती. मी म्हटलं, आता बसनं जाऊ. नाही म्हणाले. लंगडत एका टायरच्या दुकानापर्यंत आलो. दुकानदार मुसलमान चाचा. पंक्चर काढता काढता त्यांनी यांची चाल पाहिली आणि स्टूल पुढे केलं. "गडाला?" मी मान हलवली. दुकानामागेच त्यांचं घर होतं. त्यांनी आत हाक मारली आणि त्यांच्या घरवाली वाटलेल्या मेंदीची वाटी घेऊन आल्या. "उन्हात चालणाऱ्याला मेंदीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीतून दरवर्षी जातात लोक, वाटी भरूनच ठेवते."

वाटी माझ्या हातात देऊन त्या आत चहा ठेवायला गेल्या. फोड आले होते तेवढी जागा सोडून यांच्या तळव्यांना मी मेंदी लावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचे तळवे मी कधी नीट पाहिले नव्हते. डाव्या चवड्यावर एक कडक, गुळगुळीत घट्टा होता, रुपयाएवढा. अंगठ्यानं दाबून विचारलं, "हे काय?"

"क्लच," म्हणाले.

ती दुपार आणि रात्र आम्ही तिथंच काढली. मेंदी धुतल्यावर तळवे नारिंगी झाले. चाचा म्हणाले, आता नवरदेव दिसताय. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा चाल हळू होती, पण आग थांबली होती.

धुळं मागे पडलं आणि लळिंगचा घाट लागला. डोंगरावर किल्ला, खाली ट्रकांची रांग. चढावर हे एका कठड्यापाशी थांबले. मला वाटलं, दम लागला. पण ते कठड्याला हात लावून खाली बघत होते.

"इथं एकदा वाचलो आम्ही," म्हणाले.

मालेगावकडून येताना गाडी भरलेली होती. उतारावर मागून एक ट्रक दिवे उघडझाप करत, हॉर्न दाबून धरून येत होता. आरशात पाहिल्याबरोबर यांना कळलं, त्याचे ब्रेक गेलेत. पुढं वळण, उजवीकडे समोरून गाड्या. यांनी बस डावीकडे इतकी काढली की चाकं मातीत गेली, पत्रा कठड्याला घासला. ट्रक शेजारून निघून गेला आणि खाली चढावर जाऊन आपोआप थांबला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बसमधले अर्धे लोक झोपेतून उठलेही नाहीत.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? झालंच नाही ना काही."

"कधीची गोष्ट?"

"घरी आलो तेव्हा तू पुरणपोळ्या केल्या होत्या. तीन खाल्ल्या. तू म्हणालीस, आज भूक बरी आहे."

मला ती रात्र आठवेना. आठवून आठवून पाहिलं. कुठल्याशा सणाला मी तव्यापुढे घाम पुसत असेन, हे पाटावर बसून जेवत असतील आणि दोघांच्या मधे हा एवढा घाट उभा असेल. मला रडू आलं नाही, पण पुढे चालवेना. कठड्याच्या सावलीत बसले. मग एकेक विचारायला लागले. तेव्हा हात कापले का? ट्रकवाला नंतर भेटला का? भीती कुठं वाटते, पोटात की पायांत? ते सांगत गेले. पायांत वाटते म्हणाले. ट्रकवाला सरदारजी होता, तो यांच्या गळ्यात पडून रडला होता. त्या दिवशी आम्ही फारसं अंतर कापलं नाही. पण इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मालेगाव, देवळा, कळवण. देवळ्याच्या फाट्यापुढचा रस्ता दोघांनाही नवा होता. यांची गाडी मालेगावहून सरळ नाशिककडे जायची, म्हणून त्या फाट्यानंतर हे गिअर सांगायचे थांबले, आणि मीही त्यांना रस्त्याबद्दल विचारू शकत नव्हते. दोघंही सारखेच अडाणी. नांदुरीला पायथ्याशी पोचलो तेव्हा वरून ढोल ऐकू येत होते.

गडावर एवढी गर्दी होती की रांगेत आमची ताटातूट झाली. मी दर्शन घेतलं. एवढी मोठी मूर्ती, एवढे हात आणि एका बाजूला कललेली मान. कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकतेय असं वाटलं. मागायचं काही ठरवलेलं नव्हतं, म्हणून नुसती बघत राहिले, तोपर्यंत मागच्यांनी पुढे ढकललं.

खाली उतरून मी यांना शोधू लागले. मला वाटलं, सवयीप्रमाणे एका बाजूला घड्याळ बघत उभे असतील. तर हे एका नारळाच्या दुकानाच्या सावलीत, कधी न पाहिलेल्या एका जोडप्यासमोर उकिडवे बसलेले. हातवारे करून विचारत होते, "पण मग खालून वारा कसा लागतो? आणि पाऊस आडवा आला तर?"

ती माणसं कळवणकडची कांदा पिकवणारी होती. कांदा साठवायची त्यांची चाळ कशी बांधली आहे, ते सांगत होती. मला पाहून हे उठलेही नाहीत. म्हणाले, "अगं, बस. यांचा कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. कसा, ते ऐक."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जायची बस होती. ती आम्ही सोडली आणि त्या दोघांबरोबर त्यांच्या टेम्पोत बसून चाळ बघायला गेलो.