अभ्र्यांवरची शाई

उशीचे अभ्रे बादलीत भिजत होते. एक घासून झाला होता. दुसऱ्यावरची निळी शाई काही केल्या निघेना, आणि आत्याबाईंचा अंगठा मुळापासून ठणकायला लागला होता.

शाई भाचीच्या हातांवरची. भावाची ही मुलगी फिजिओथेरपी शिकायला त्यांच्याकडे राहत होती. पुस्तक उघडं टाकून ती पेनने स्वतःच्या दंडावर, पोटरीवर रेघोट्या ओढत बसायची. तोंडातून अवाक्षर नाही. या घरात अभ्यास म्हणजे कानावर पडायची गोष्ट! आत्याबाईंचा मुलगा वकिली शिकणारा; येरझाऱ्या घालत कलमं अशी घोकायचा की स्वयंपाकघरात आईलाही अर्धा कायदा पाठ. भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्या एखादं कलम फेकायच्या. मुलाचा आवाज थांबला की पळी आपटायच्या, "झोपलास का रे?"

भाची तोंडी परीक्षेत नापास झाली, तेव्हा भावाने फोनवर विचारलं, "ताई, तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती. अभ्यास करते का? तू सांगशील तसं करतो."

देवाचं नाव घेणाऱ्या बाईने खोटं कसं बोलावं? "हातावर चित्रं काढते," त्या म्हणाल्या. "तोंडात मिठाची गुळणी." झालं. फेरपरीक्षेआधीच भाऊ आज मुलीला घरी न्यायला निघाला होता.

भाची बॅग भरत होती. मुलगा तिचं पुस्तक घेऊन दारात उभा राहिला. "अगं, निदान मला तरी सांग. मनगटाचे स्नायू. मोठ्याने!"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"साक्षीदार फुटला," तो म्हणाला. हसलं कुणीच नाही.

तेवढ्यात मोरीतून "आई गं!" ऐकू आलं. दोघं धावले. भाचीने आत्याचा ओला हात टॉवेलने टिपला. "पिळताना कळ आली ना? इथे?" पेन काढून ती अंगठ्याच्या मुळापासून वर कोपराकडे रेघ ओढू लागली, आणि रेघेबरोबर तिला वाचा फुटली. हा स्नायू इथून निघतो, या हाडाला चिकटतो, अंगठा बाजूला ओढतो. हा त्याचा शेजारी. दोघं एकाच नळीतून जातात, ती सुजली की अशी कळ येते. लांबलचक नावं, कुठे अडखळणं नाही. मुलगा पुस्तकात बोट ठेवून पडताळत होता.

"आता पेन ठेव," तो म्हणाला, "आणि पुढचं सांग."

पेन ठेवलं आणि ती पुन्हा गप्प झाली. डोळे भरले. "परीक्षेतही असंच झालं, दादा."

आत्याबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मागे एकदा त्यांची जपमाळ तुटली होती. ओवून येईपर्यंत नाम धड पुढे सरकेना. ओठ हलत, मन भरकटे. मणी बोटांत आला की नाम आपोआप येई. माळेशिवाय म्हणून दाखव, असं देवाने त्यांना कधी म्हटलं नव्हतं. आणि त्या मात्र या पोरीला रोज दटावत होत्या, आधी हात धुऊन ये, मग पुस्तक धर.

त्यांनी हात पुन्हा पुढे केला. "पेन नको. नुसतं बोट फिरव बघू."

भाचीने बोट टेकवलं. नावं आली. सावकाश, थांबत थांबत, पण आली.

"परीक्षेत माझा हात कुठला? आता तुझ्या स्वतःच्या हातावर फिरव." तिथेही आली.

आत्याबाईंनी भावाला फोन लावला. तो बसमध्येच होता; खडखडाट ऐकू येत होता.

"आता काय, ताई? तूच म्हणालीस ना, अभ्यास करत नाही?"

"म्हणाले. दिसलं ते सांगितलं, कळलं नव्हतं. फोनवर नाही समजायचं तुला. तिला घेऊन स्टँडवरच येते."

भाचीने हळूच विचारलं, "बॅग उघडू का, आत्या?"

"तुझा बाप हो म्हणेपर्यंत राहू दे तशीच."

अभ्रे बादलीतच राहिले. हातावरच्या रेघा तशाच ठेवून त्यांनी चपला घातल्या, भाचीला बरोबर घेतलं. भाऊ बसमधून उतरताच त्याला गाठायचं होतं.