कालामीत नांगर धरत नाही

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, स्तामातिस भावोजी, आयुष्यात एकदाच मन लावून खोटं बोलले आणि तेही त्यांना धड जमलं नाही. एरवी ते जे बोलतात त्याला आमच्या बेटावर कुणी खोटं म्हणत नाही. परदेशी लोक यॉट घेऊन येतात, त्यांना बेटाभोवती फिरवायला माहीतगार माणूस लागतो, आणि मासेमारी सोडल्यापासून एकोणीस वर्षं तो माणूस म्हणजे भावोजी. कुठे किती पाणी, कुठे खडक, उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की कुठल्या खाडीत शिरायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यावर ते आपली फोडणी घालतात. ही गुहा चाच्यांची, तो सुळका म्हणजे नवऱ्याची वाट बघून दगड झालेली नवरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती नवरी चाच्याची आई होती. लोक खूश होतात आणि भावोजींना ऊझो, म्हणजे आम्हा ग्रीकांची बडीशेपेची दारू, पाजतात.

बुटका माणूस, पोट दोन पावलं पुढे, डोक्यावर कप्तानाची टोपी. ही टोपी एक जर्मन पाहुणा विसरून गेला होता. तो पुढच्या वर्षी आला तेव्हा भावोजींनी त्याला टोपीचा इतिहास सांगितला आणि त्यानं तो ऐकून घेतला. समुद्रावर त्यांचा शब्द चालतो. घरात माझ्या अक्काचा, झाबेताचा.

आता कालामी खाडीचं सांगते. आमच्याकडे बायका उन्हाळ्यात समुद्रस्नानं मोजतात. चाळीस झाली की हिवाळ्यात गुडघे कुरकुरत नाहीत, हे आम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. पोहायचं नसतं. डोक्यावर गवती टोपी घालायची, गळ्याइतक्या पाण्यात गोल करून उभं राहायचं आणि बोलायचं. पूर्वी आम्ही स्पिलियाच्या पुळणीवर जायचो. मग ती कुठल्याशा पुस्तकात छापून आली आणि एका ऑगस्टात तिथे बारा यॉट उभ्या राहिल्या. ढणढण गाणी, आणि अंगावर चिंधीही नसलेले पुरुष डेकवरून आम्हाला हात करायला लागले. पहिले दोन दिवस आम्ही बघितलं, नाही कशाला म्हणू. मग कंटाळा आला. आम्ही टोप्या उचलल्या आणि डोंगरामागच्या कालामीत गेलो. तिथे सकाळी पुरुषाला बंदी, मग तो नवरा असो की पाद्री.

गेल्या वर्षी जूनमध्ये इंगेर आली. डेन्मार्कची, पंचावन्नच्या आसपासची, एकटीच यॉट हाकणारी. बेटांच्या किनाऱ्यांवर पुस्तकं लिहायची, म्हणजे कुठे नांगर टाकावा आणि कुठे टाकू नये याची. तीस वर्षं आमच्याच समुद्रात घालवल्यामुळे ग्रीक बोलायची, जरा आखडून, पण नीट. तिला आमच्या बेटाचा सगळा किनारा बघायचा होता, तीन दिवसांत एकोणीस खाड्या, आणि त्यासाठी तिनं भावोजींना बरोबर घेतलं.

अक्कानं आदल्या संध्याकाळी त्यांना पुढ्यात बसवलं. मी तिथेच फरसबी निवडत होते.

"अहो, कालामी त्या पुस्तकात गेली ना, तर तुमच्या ताटात काय पडेल ते तुम्ही आणि देव बघून घ्या," ती म्हणाली.

भावोजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की काळजी करू नको. त्यांचा हात छातीवर गेला की मला काळजी वाटते.

तीन दिवस ते इंगेरबरोबर हिंडले. पहिल्या खाडीत त्यांनी सांगितलं की असं पाणी जगात कुठे नाही. दुसरीत सांगितलं की असा तळ जगात कुठे नाही. स्पिलियाबद्दल म्हणाले, इथे झोपलेल्या माणसाचं वय वाढत नाही. बेटाच्या मागच्या बाजूला एक डबकं आहे, तिथे मासे मरून पडतात. त्यालाही त्यांनी औषधी ठरवलं. आणि कालामीच्या तोंडाशी आल्यावर चेहरा पाडून म्हणाले की आत जाण्यात अर्थ नाही. तळाशी खडक, नांगर धरत नाही. दरीतून वारा आदळतो. जिकडेतिकडे साळिंदरासारखे काटे असलेले समुद्री प्राणी. मेलेल्या शेळीचा वास. एवढं पुरेसं होतं, पण त्यांनी वर क्रॉसची खूणही केली.

इंगेरनं सगळं वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी परत येताना तिनं वही चाळली आणि म्हणाली, "स्तामातिस, अठरा जागा जगात सगळ्यात चांगल्या आहेत. तुमच्या बेटावर एकच जागा वाईट कशी?"

इथे आमचे भावोजी फसले, आणि आमच्यातला कुणीही असाच फसला असता. आमच्या बेटावरच्या माणसाला स्वतःच्या दगडाला वाईट म्हणता येत नाही. आणखी दोन-तीन खाड्यांना नावं ठेवली असती तर निभावलं असतं, पण ते त्यांच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नऊ जणी पाण्यात उभ्या होतो. पाद्र्याच्या बायकोनं नवा पडदा कशाला घेतला यावर चर्चा रंगात आली होती, तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. टोकावरून पांढरी यॉट वळली. सुकाणूवर इंगेर, आणि पुढे गुंडाळलेल्या शिडामागे लपायचा प्रयत्न करणारं एक पोट. चेहरा झाकला होता, पण अक्कानं चाळीस वर्षं ते पोट भरलं आहे.

इंगेरनं नांगर सोडला. पहिल्याच फटक्यात धरला. आमच्यातल्या दोघी तर कौतुकानं "वा" म्हणाल्या, मग अक्काकडे बघून गप्प झाल्या. अक्कानं पाण्यातून हुकूम सोडला की पुरुषानं खाली केबिनमध्ये जावं आणि दार लावून घ्यावं. भावोजी गेले. जूनच्या उन्हात, बंद केबिनमध्ये, चार तास.

चार तास यासाठी की इंगेर आमच्या तावडीत सापडली. लग्न झालंय का? झालं होतं, मोडलं. मुलं? एक मुलगी, लांब असते. फोन करते का? कधीकधी. पैसे किती मिळतात? तिनं सांगितलं, आम्ही हळहळलो. मग अक्कानं खरा प्रश्न विचारला, की यंदा स्नानं किती झाली.

"एकही नाही. मला वेळ नसतो. मी खोली मोजते," इंगेर म्हणाली.

तीस वर्षं समुद्रावर आणि समुद्रात एकदाही निवांत उभी राहिलेली नाही. मग अक्का बाहेर गेली. किनाऱ्यावरच्या झाडाला मारुलियाची टोपी टांगलेली होती. आमच्यातली मारुलिया फेब्रुवारीत वारली. आदल्या वर्षी आम्ही दहा होतो, त्याच्या आदल्या वर्षी अकरा. ती टोपी घरी न्यायचा धीर आमच्यात कुणाला झाला नव्हता. अक्कानं ती आणली, इंगेरच्या डोक्यावर दाबून बसवली आणि तिला हाताला धरून पाण्यात ओढलं. मी तोंड धुतल्याचं सोंग केलं.

निघताना अक्कानं तिला सरळ विचारलं की कालामी पुस्तकात घालणार का. इंगेर म्हणाली की खोटं लिहिणार नाही आणि गाळणारही नाही. मेल्तेमीत एखादी बोट टोकावर फुटली, आणि शेजारी आसरा आहे हे त्या लोकांना माहीत नव्हतं, तर ते माझ्या माथी येईल. आमच्या सगळ्यांच्या घरातलं कुणी ना कुणी समुद्रानं नेलेलं आहे. आम्ही मान हलवली आणि आता कालामी गेली हे समजून चुकलो.

अक्कानं भावोजींशी बोलणं टाकलं. मसूर शिजायची, त्यात मीठ नसायचं. भावोजी माझ्या बेकरीत येऊन कालचा पाव मागायचे आणि म्हणायचे की नांगर धरला यात माझा काय दोष.

मार्चमध्ये पुस्तक आलं. भावोजींनी ते कॉफीच्या दुकानात नेलं आणि औषधवाल्याला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं ते असं. कालामी. वाळूचा तळ, पाच मीटर पाणी, नांगर उत्तम धरतो, उत्तरेच्या वाऱ्यात बेटावरचा सर्वात भरवशाचा आसरा. जून ते सप्टेंबर, सकाळी नऊ ते एक, इथे बेटावरच्या बायका स्नान करतात. येणाऱ्याला वय, लग्न, कमाई आणि मूल का नाही हे विचारलं जातं. उत्तर टाळता येत नाही. पुरुषांनी केबिनचं दार लावून बसावं. बायकांनी टोपी आणावी. वाटाड्या स्तामातिस इतर सर्व बाबतीत विश्वासू आहे.

"इतर" या शब्दावर दुकान हसून लोळलं. भावोजी पुस्तक काखेत मारून घरी गेले.

यंदाच्या जूनमध्ये पहिली यॉट आली, एक स्वीडिश जोडपं. अर्ध्या तासात नवरा छोटी होडी वल्हवत बंदरावर आला आणि भावोजींजवळ येऊन बसला. त्यानं सांगितलं की माझी कमाई विचारली, मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन समजूत घातली. बायको मात्र तिथेच राहिली. जातो जातो म्हणत ते पंधरा दिवस राहिले. मग दुसरी यॉट आली, मग तिसरी. गाणी नाहीत, नागडे पुरुष नाहीत. पुरुष सगळे कॉफीच्या दुकानात, भावोजींच्या ताब्यात, दगड झालेल्या नवरीची गोष्ट ऐकत. ती आता पुन्हा चाच्याची आई झाली आहे. जेवण कुणालाच वेळेवर मिळत नाही. भावोजींना तर चारच्या आत कधीच नाही.

जुलैच्या शेवटी एका सकाळी मी पाण्यात उभी राहून मोजलं तर सतरा टोप्या होत्या. कोण कुठल्या भाषेत काय विचारत होतं देव जाणे, पण उत्तरं मिळत होती. मी अक्काला चिडवलं, की वर्षभर त्या बिचाऱ्याला बिनमिठाची मसूर घातलीस, आणि आता इथे जत्रा भरवलीस.

अक्कानं आपली टोपी कपाळावर ओढली.

"मला यॉटची भीती नव्हती गं," ती म्हणाली. "दरवर्षी एक टोपी कमी व्हायची. वाटायचं, शेवटची माझी असली तर मी बोलू कुणाशी?"

एवढं बोलून ती शेजारच्या स्वीडिश बाईकडे वळली आणि तिनं विचारलं की तुझी सासू अजून आहे का.