दोरीला हात लावला, वाटा माझा

काल येलहंक्याच्या आमच्या घरी नात बॅग भरत बसली होती. मैत्रिणींबरोबर कुठल्याशा समुद्रकाठच्या खेड्यात निघालीय... हॉटेल नाही, एसी नाही, नेटवर्कचा तर पत्ताच नाही. "अज्जी, तू असल्या ठिकाणी गेलीयस ना? काय तयारी ठेवू?" म्हणाली.

गेलीय काय, राहिलेय मी. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. कुणाला रुचलं नाही तर पुढे सरकवा, माझी हरकत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. चिकपेटेत, शहराच्या भर बाजारात, आमचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. मी मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं केलं आणि कारवारकडच्या एका खेड्यातल्या शाळेत नेमणूक आली. घरात सुतक पडल्यासारखं झालं, कारण माझ्या वडिलांनी, अप्पांनी, देवनहळ्ळीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करून ठेवलं होतं.

शेवटी असं ठरलं की माझा मोठा भाऊ अण्णा बरोबर येऊन गाव बघेल. तो 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाला तर नोकरी, नाहीतर देवनहळ्ळी. माझ्या जन्माचा निकाल अण्णाच्या नाकावर टांगलेला... आणि ते नाक भारी नाजूक.

तर काय अपेक्षा ठेवायची ते ऐका. आधी आगगाडी, मग घाटातली बस, आणि बस खाडीशी येऊन थांबते. पुढे होडी. होडीतून उतरलात की ट्रंक डोक्यावर आणि पाय वाळूत. अण्णाने चकचकीत बूट घातले होते, ते त्याने तिथेच काढून हातात घेतले आणि मला म्हणाला, बघ, सुरुवातच अशी.

वीज नाही, रॉकेलची चिमणी. आंघोळ विहिरीवर, नारळाच्या झापांच्या आडोशाला. संडास म्हणाल तर सुरूचं बन. हवेने मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, केस चिकट होतात ते वेगळंच. अंथरुणात वाळू, भाकरीत वाळू... आणि वास. सुक्या मासळीचा वास सगळीकडे. आमच्या घरी कांदा चिरला तरी सोवळं बाटायचं, म्हणजे विचार करा.

कॉफी नाही, हे अण्णाला सगळ्यात लागलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज समोर आली तेव्हा तो बिचारा खरोखर रडकुंडीला आला होता. आम्ही देवकीबायच्या ओसरीवर उतरलो होतो. तिचे मुलगे मासे धरायचे. अण्णा तिच्याच अंगणात तीन दगड मांडून, घरून आणलेल्या पातेल्यात आपला भात वेगळा शिजवायचा. ती त्याला लाकडं तेवढी आणून द्यायची.

अण्णा एकेक उणं मोजत होता आणि मला कळत होतं, माझी नोकरी चालली. मला मात्र तिथे मोकळं वाटत होतं. का ते विचारू नका... समुद्राकडे बघितलं की छाती भरून यायची, बस्स.

परतायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. मोठं जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं काठावरून ओढतात. एका रांगेत माणसं कमी दिसली. आपल्याकडे अडकलेल्या गाडीला चार लोक धक्का देतात ना, तसा मी पदर खोचून दोरीला हात लावला. तळहात सोलून निघाले, पण सोडली नाही.

जाळं आलं. वाटे पडायला लागले. आणि देवकीबायने माझ्यासमोर पानावर बांगडा मासळीचा एक ढीग आणून ठेवला... मासे अजून तडफडत होते.

मला ठाऊकच नव्हतं. दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा पडतो, बाई असो, परका असो. ही तिथली रीत.

अण्णा धावत आला. आमच्यात चालत नाही, परत घ्या, असं त्याने कन्नडमध्ये तिला सांगितलं. ती कोकणीत शांतपणे म्हणाली, "दोरी तिने ओढली. तिचं तिला विचार." मग अण्णा माझ्याकडे वळला. "ते तिथेच राहू दे. चल, ट्रंक भर. मी घरी यातलं काही सांगणार नाही."

मला जो राग आला... आजही अंगावर काटा येतो. चिकपेटेतल्या दुकानात दुपारच्या दुपारी मी गज धरून कापड मोजलं होतं, गाठी बांधल्या होत्या. दुकान अण्णाचं होणार हे मी जन्मले तेव्हाच ठरलेलं. माझ्या कष्टाचं काही माझ्यापुढे आणून ठेवावं, असं त्या दिवसापर्यंत कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी खाली वाकले आणि ते पान दोन्ही हातांनी उचललं. चांगल्या धारवाडी लुगड्यावर माशांचं गार पाणी ओघळत होतं. म्हटलं, "अण्णा, अप्पांना जाऊन सांग, गाव मला पसंत आहे."

तो एकटाच परतला. अप्पांनी कितीतरी दिवस पत्राला उत्तर दिलं नाही, नातेवाइकांनी मला वाळीतच टाकलं म्हणा ना. टाकू दे की! त्या शाळेत मी पोरांच्या दोन पिढ्या शिकवल्या. देवकीबाय गेली तेव्हा मला आई गेल्यासारखं झालं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

त्या माशांचं पुढे काय केलंस, खाल्लेस का, हे अण्णा म्हातारपणापर्यंत विचारत राहिला. मी सांगितलं नाही. तुम्हीही कमेंटमध्ये विचारू नका... वाटा माझा होता.