चढती रेघ

नव्वदच्या दशकात मी मांडवगणला अंगणवाडीत सेविका होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलांची वजनं व्हायची. काटा देवळाच्या तुळईला टांगलेला, त्याच्या झोळीत मूल, आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायला मी. माझ्या तक्त्यातली एकही रेघ खाली येत नाही, याचा मला तोराच होता.

दीड वर्षाची एक मुलगी आजीच्या कडेवर यायची. तिची आई दुसऱ्या बाळंतपणाला इनामगावला माहेरी गेलेली. एका सोमवारी पोरीच्या पायात चांदीचे वाळे दिसले. मी ते काढायला गेले, तर आजीने माझा हात धरला.

"अंगावरची चांदी उतरवू नगा बाई. दिष्ट लागती."

कोण म्हातारीच्या तोंडी लागणार? मी तसाच ठिपका दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शंभर ग्रॅम वाढलं हो वजन." चारचौघांत कौतुक झालं म्हणजे दृष्टीची भीती आणखी वाढली. पुढच्या महिन्यात कमरेला साखळी आली, काटा शंभर ग्रॅम पुढे. मी पुन्हा कौतुक केलं. त्यापुढच्या महिन्यात हातात कडी, पुन्हा तेवढंच.

मग मुलीला भाऊ झाला. बारशाला आजी इनामगावला गेली आणि सगळी चांदी नातवाच्या अंगावर घालून आली. सोमवारी पोरगी मोकळ्या अंगाने झोळीत बसली आणि काटा तीनशे ग्रॅम मागे आला. मला आधी वाटलं, काटाच बिघडला. मग हिशेब डोक्यात शिरला. इतके महिने पोरगी वाढलीच नव्हती. मला स्वतःचा संताप आला, आणि लाजही वाटली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजनाबरोबर उंचीही मोजली.

"उंची वाढतेय, वजन जागच्या जागी. आईचं दूध सुटल्यावर खाते काय ही?"

"च्या-बिस्कीट," आजी म्हणाली.

महिनाभर पोरीला अंडं, भाकरी-दूध, शेंगदाण्याचा लाडू चालला होता. पुढच्या सोमवारी आजीने तिच्या कमरेचा काळा करगोटासुद्धा स्वतःच्या हाताने सोडला.

"आता काय बी न्हाई अंगावर. बगा."

काटा दोनशे ग्रॅम पुढे सरकला. या वेळी मी मोठ्याने काही बोलले नाही, नुसता ठिपका दिला. आजी वाकून माझ्या कानाशी आली.

"ह्ये समदं तिचंच नव्हं?"

"तिचंच," मी हळूच सांगितलं.